तपासणाऱ्याचा रकाना

सावळीराम नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होता. गाडीच्या ब्रेकचे सुटे भाग त्याच्या टेबलावर यायचे आणि केसाएवढी खोट निघाली, तरी त्यावर तांबडा ठिपका पडायचा. अठरा वर्षांत आपली नजर कधी चुकली नाही, याचा त्याला भलताच अभिमान. पंचाईत एवढीच, की हा बाबा ती नजर घरीही घेऊन यायचा.

१९९९च्या जूनमध्ये त्याची एकुलती एक मुलगी निकिता त्याच्याशी बोलेनाशी झाली. बारावीला चांगले मार्क पडले होते, तिला पुण्याला शिकायला जायचं होतं. "नाही म्हणजे नाही," म्हणून याने विषय संपवला. तेव्हापासून ती ताट वाढायची, पाणी द्यायची, पण तोंडातून अक्षर नाही. सावळीराम पार कावला होता. कारखान्यात वीस माणसं त्याचा शब्द झेलायची आणि घरात पोटची पोर हूं की चूं करत नव्हती.

त्यातच कंपनीने त्याला तीन दिवसांच्या ट्रेनिंगला बसवलं. विषय होता ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनालिसिस, म्हणजे माणसं एकमेकांशी कशी बोलतात-वागतात याचा अभ्यास. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर एकाखाली एक तीन गोल काढले: पालक, प्रौढ, बालक. प्रत्येकाच्या आत हे तिघं असतात, त्या म्हणाल्या. आपण कधी पालकासारखे हुकूम सोडतो, कधी लहान मुलासारखे रुसतो. प्रौढासारखं शांतपणे विचारलं, तर समोरचाही तसंच उत्तर देण्याची शक्यता वाढते. सावळीरामला वाटलं, बाई आपल्याच घरात येऊन गेल्या की काय! आता पोरीला बोलती करतोच, असं ठरवून तो परतला.

आणि काय केलं या शहाण्याने? वहीत रकाने आखले. आडवे तीन गोल, उभी दोन नावं: बायको संध्या आणि मुलगी निकिता. संध्या म्हणाली, "अहो, गॅस संपलाय, कितीदा सांगू?" याने खूण केली, पालक. निकिताने दार आपटलं. खूण, बालक.

आठव्या दिवशी मात्र त्याने बाईंनी शिकवलं होतं तसं, आवाज न चढवता विचारलं, "निकिता, पुण्याचं तुझ्या मनात काय आहे? मला ऐकायचंय."

तिने मान वर केली. बावीस दिवसांनी ती बोलायला लागली. तो कोर्स नाशकात नाही, होस्टेलची चौकशी केलीये, मैत्रीणही येतेय. सांगता सांगता तिचे डोळे भरले. तेवढ्यात याचा हात वहीकडे गेला.

"हे बघ, आत्ता तू बालकातून बोलतेयस."

ती ताडकन उठून आत गेली. अरे, जरा दम धरला असता तर काय बिघडलं असतं?

"एवढं शिकून आलो, काडीचा उपयोग नाही!" सावळीरामने वही भिरकावली. संध्याने ती उचलून चाळली.

"यात तुमचा रकाना कुठंय?"

"मी तपासतोय ना? तपासणाऱ्याचा कसला आलाय रकाना!"

"मग बसा तपासत. आम्ही बोलतच नाही, म्हणजे खोट निघायला नको."

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून संध्याही गप्प झाली. जेवणं मुकाट्याने होऊ लागली. सावळीराम आधी संतापला, मग चिडचिडला, मग त्याने हात टेकले.

सोमवारी फॉर्म भरायची शेवटची तारीख होती. रविवारी संध्याकाळी तो निकिताच्या खोलीत गेला आणि खाटेच्या कडेला बसला. वही आणली नव्हती. काय बोलायचं तेही ठरवलं नव्हतं.

"मी नाही म्हणालो ते रागाने नाही गं," तो म्हणाला. "मला भीती वाटते. तू गेलीस की या घरात माझ्याशी बोलणार कोण?"



"आत्ता कोण बोलतं, पप्पा?"