न विसळलेला पंप

निवृत्तीचा फोन आला तेव्हा मी भाषणाला निघायच्या घाईत होतो. सिन्नरकडच्या एका गावात शेतकऱ्यांचा मेळावा होता आणि फवारणी करताना कोणती काळजी घ्यावी, हे मला तिथे सांगायचं होतं. ‘‘मंदा गेली रे,’’ तो म्हणाला. त्याची बायको, मंदावहिनी, दोन महिन्यांपासून अंथरुणाला खिळलेल्या होत्या, तेव्हा बातमी अगदी अनपेक्षित नव्हती. पण खुर्चीत बसल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता सांगायचं राहिलं ते राहिलंच. आणि त्या विचाराच्या मागोमाग थोडं सुटल्यासारखंही वाटलं. हे लिहिताना लाज वाटते. पण हा लेख लिहायला बसलो आहे तो लाज झाकण्यासाठी नाही.

निवृत्तीचा मळा आणि आमची शेती मखमलाबादच्या रस्त्याला बांधाला बांध लावून होती. आमच्याकडे ऊस, त्यांच्याकडे फुलं. नव्वदीच्या सुरुवातीला त्याचं लग्न झालं आणि मंदावहिनी त्या मळ्यात आल्या. पहिल्याच वर्षी त्यांनी सासूला मागे टाकलं. कळी कुठे खुडायची, रोप कधी हलवायचं, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. नाशिकच्या फुलबाजारात त्यांच्या हातचे हार लांबून ओळखू यायचे. फुलं ओवताना त्या फुलांशीच काहीबाही बोलत. मी तेव्हा शेतकी कॉलेजात होतो. ‘‘भाऊजी, तुमच्या पुस्तकात लिहिलंय का, झेंडूला बोललेलं कळतं म्हणून?’’ असं विचारून त्या माझी फिरकी घ्यायच्या. मी इंग्रजी नावं फेकून उत्तर दिलं की त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. कॉलेजात मला जेवढं कळायचं नाही, तेवढं त्यांच्या बोटांना कळायचं.

त्या वर्षी पितृपंधरवड्यात आमच्या उसात गवतापेक्षा रुंद पानांचं तण जास्त माजलं होतं. मी मोठ्या ऐटीत कॉलेजात ऐकलेलं तणनाशक आणलं. आमच्या पंपाचं वायसर गेलेलं, म्हणून निवृत्तीचा पाठीवरचा पंप मागून आणला. डब्यावर लिहिलं होतं, वापरल्यावर पंप तीनदा स्वच्छ धुवावा. मी ते वाचलं होतं. वडिलांना मोठ्यानं वाचूनही दाखवलं होतं. पण फवारणी आटोपेपर्यंत पाच वाजले आणि मित्रांनी गावात सहाच्या शोची तिकिटं काढलेली. तळाला उरलेलं औषध मी पाटाकडेला ओतलं आणि पंप तसाच निवृत्तीच्या भिंतीला टेकवून बस पकडली. त्या सिनेमाचं नावसुद्धा आज आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवृत्तीने त्याच पंपात किडीचं औषध भरून झेंडूवर मारलं. दसऱ्याचा झेंडू, कळ्या धरलेला. चार दिवसांत सगळ्या वाफ्यांमधले शेंडे वाकले, देठ पिळल्यासारखे झाले, पानं आखडली. माणसं बघायला आली. मीही गेलो आणि बांधावरूनच मला कळलं. तणनाशक लागलेल्या असल्या रोपांचे फोटो आम्हाला वर्गात दाखवले होते. मी तोंड उघडणार... एवढ्यात निवृत्तीच्या आईने, जिजीने, सगळ्यांसमोर सुनेला विचारलं, ‘‘खरं सांग मंदे, तू मळ्यात गेली व्हतीस का?’’

आमच्याकडे फुलांच्या मळ्यात बाईने अडचणीच्या दिवसांत पाऊल ठेवायचं नाही, चौथ्या दिवशी न्हाऊनच जायचं, असा कडक रिवाज. त्यातून ही देवाला चढणारी फुलं. वहिनींनी नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तरी भागलं असतं, बघितलं कोणी नव्हतं. पण त्या म्हणाल्या, ‘‘गेले व्हते जिजी. शेळ्या शिरल्या व्हत्या, हाकलायला कोणी नव्हतं. दुसराच दिवस व्हता.’’

‘‘झालं! जळाला मग मळा,’’ जिजीने कपाळावर हात मारला. ‘‘लय गुणाची म्हणून आणली, अन् हाताला आग घेऊन आली.’’

मी विज्ञान शिकलेला माणूस. कारण माझ्या जिभेवर होतं, आणि ते कारण मीच होतो. खरं बोलायची जेवढी हिंमत त्या बाईने शेळ्यांचं सांगताना दाखवली, तेवढी मला जमली नाही. ‘‘हवामान पण खराब आहे,’’ असं काहीतरी पुटपुटून मी घरी आलो. पुढच्या दसऱ्याला बोलू, जिजी शांत झाल्यावर बोलू, असं म्हणत राहिलो आणि ते अंगवळणी पडलं.

नाश म्हटला की आपल्याला पूर, भूकंप, दंगल आठवते. मी पाहिलेला नाश एका सिनेमाच्या घाईतून आला आणि माझ्या गप्प बसण्याने मोठा झाला. झेंडूचं म्हणाल तर तो पुढच्या वर्षी पुन्हा फुलला. वहिनींना मात्र विहिरीच्या पलीकडे, मळ्यात, पुन्हा जाऊ दिलं नाही. पहिल्यांदा जिजीने अडवलं, मग गावातल्या बायका त्यांच्या हातचे हार घेईनाशा झाल्या, आणि चार-पाच वर्षांनी जिजी गेली, अडवणारं कोणी उरलं नाही, तर त्या स्वतःच जाईनात. त्यांना ते पटलं होतं! नव्या शेजारणी बोलावायच्या तर म्हणायच्या, ‘‘माझा हात जळका हाय बाई.’’ पुढे शहर वाढत आलं, मळ्यावर प्लॉट पडले, निवृत्ती फ्लॅटमध्ये राहायला गेला. मी कृषी अधिकारी झालो. पंप न धुतल्याने जळालेल्या मळ्याची गोष्ट मी भाषणात हमखास सांगतो. सिन्नरला असलो की ती देवळ्याच्या शेतकऱ्याची होते आणि देवळ्याला गेलो की सिन्नरच्या. लोक माना डोलावतात.

शेवटची भेट झाली तेव्हा मी ठरवूनच गेलो होतो. वहिनी पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, मनगटं काटकीएवढी झालेली. निवृत्ती चहा टाकायला आत गेला. मी म्हणालो, ‘‘वहिनी, तो झेंडू तुमच्यामुळे नव्हता गेला. तो... रोग होता.’’ रोग! तिथेही मी अर्धंच बोललो, आणि ते अर्धंही खोटं. त्या हसल्या. ‘‘तुम्ही मनाचे चांगले म्हणून मन राखता भाऊजी. तुमच्या हाताला यश हाय.’’ मग चहा आला आणि मी तो प्यालो.

चौदावं झाल्यावर एका सकाळी मी निवृत्तीकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. पंप, सिनेमा, सगळं. तो ओरडेल, हाकलून देईल, अशी माझी तयारी होती, खरं तर इच्छाच होती. तो खिडकीकडे बघत म्हणाला, ‘‘टोपण उघडल्याबरोबर वास आला व्हता मला. उग्र वास. मी म्हणलं, आता कोण धुवत बसतं. भरला तसाच.’’

‘‘मग बोलला का नाहीस?’’

‘‘तू का नाय बोललास?’’ तो म्हणाला. मग खाली मान घालून पुढे बोलला, ‘‘जिजी तिला बोलत व्हती, तवा मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्यावर नाय आलं म्हणून.’’

ते शब्द ऐकून मी शरमेने वर बघू शकलो नाही. आम्ही दोघं वर्षानुवर्षं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो, आणि ती जिला कळायला हवी होती ती त्या सगळ्या वर्षांत आतल्या खोलीत आमच्यासाठी पोहे करत होती.

निघताना बाल्कनीत लक्ष गेलं. तिथे तुळशीची कुंडी आहे. वहिनींनी त्या कुंडीला कधी हात लावला नाही. रोज सकाळी निवृत्ती तांब्या घेऊन जायचा आणि त्या उंबऱ्याच्या आत उभ्या राहून सांगायच्या, ‘‘पानांवर नको, बुडाशी घाला. आज थोडंच. त्या मंजिऱ्या खुडा बघू.’’ मी कितीदा तरी पाहिलं होतं. तुळस कमरेएवढी झाली होती, हिरवीगार. निवृत्ती तेव्हा कौतुकाने म्हणायचा, बघ, माझ्या हाताला कशी आली.

आता ती वाळली होती. ‘‘रोज पाणी घालतो रे,’’ निवृत्ती म्हणाला, ‘‘तरी काय होतंय कळत नाय.’’ मी माती चाचपली. नुसता चिखल झाला होता, मुळं कुजली होती. किती घालायचं आणि कधी थांबायचं, हे सांगणारं उंबऱ्यात कोणी नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं ती तुळस वहिनींनीच जगवली होती, हात न लावता. निवृत्ती रिकामा तांब्या घेऊन दारात उभा होता, आणि हे त्यांना सांगायला आम्ही दोघांनीही पुन्हा उशीर केला होता.