दहाव्या प्रश्नापुढचं शून्य

चेतना सोनकांबळे चालायला लागली की बरोबरच्याला पळावं लागतं, आणि बोलायला लागली की थांबावं लागतं. माहेर उदगीरचं, पण मरोळमध्ये वीस वर्षं काढल्यावर बोलणं पार इथलं झालंय. दवाखान्याची आरोग्यसेविका. गरोदर बायका, बाळंतिणी, पोरांच्या लशी, सगळं तिच्या वहीत. औद्योगिक वसाहतीमागे टॉवर उभा राहतोय, तिथल्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या हा तिचा एरिया. बिहार, झारखंड, ओडिशा, कुठून कुठून आलेल्या बायका तिला दीदी म्हणतात आणि तिच्या हिंदीला तोंडावर हसतात. ही पण हसते.

मध्यंतरी एक नवा फॉर्म आला. दहा प्रश्न, सगळे मनाचे. हसू येतं का, झोप लागते का, उगाच रडू फुटतं का. उत्तराला शून्य ते तीन गुण, बेरीज जास्त झाली की बाईला डॉक्टरकडे न्यायचं. दहावा प्रश्न मात्र भारी होता: जीव द्यावासा वाटतो का? आणि बाईला एकटीला गाठून विचारायचं, असं ट्रेनिंगमध्ये बजावलेलं. आता दहा बाय दहाच्या खोलीत एकटी बाई आणायची कुठून? सासू असते, जाऊ असते, शेजारीण तर असतेच असते. चेतना सगळ्यांदेखत पटापट विचारायची, बाई पटापट 'सब ठीक' म्हणायची. दहावा तर ती विचारायचीच नाही. ओल्या बाळंतिणीपुढे मरणाचं नाव काढायचं? तिच्या आईने जीभ हासडली असती. तिथे ती आपली आपणच शून्य मांडून टाकायची. त्यात काही बिघडतंय असं तिला खरंच वाटत नव्हतं.

गठ्ठा चाळून डॉक्टर मानसी म्हणाल्या, "तुझ्या एरियात सगळ्याच खूश? मला पण एक खोली बघ ना तिथे." मॅडम हसत होत्या, पण चेतनाला ते झोंबलं.

तिच्या डोक्यात पहिली आली ती जानकी. दरभंग्याकडची, वीस-एकवीसची, बाळ महिन्याचं. नवरा टॉवरवर कामाला. सासू बाळंतपणासाठी गावाहून आलेली आणि सुनेला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतः देणारी. पण बाळाची आंघोळ म्हातारी दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही. दहा वाजता नळ आला की बाहेर फरशीवर पाय पसरून बसायची, नातवाला नडग्यांवर आडवं घ्यायची, तेल चोळून ऊन ऊन पाणी ओतायची. पोरगं बोंब ठोकायचं, आजी त्याच्या वरच्या पट्टीत गायची. ती वीस मिनिटं तिला जगाची खबर नसायची. चेतनाने नेमकी तीच वेळ हेरली.

दुसऱ्या दिवशी बाहेर आंघोळ रंगात आली तशी ती आत शिरून जानकीला खेटून बसली. नऊ प्रश्न विचारले. दोन, तीन, तीन, दोन. बेरीज धोक्याच्या कधीच पुढे गेली होती. आणि एवढं होऊनही पेन सवयीने दहाव्यापुढे शून्य काढून मोकळं झालं.

जानकी दहावी शिकलेली होती. फॉर्म तिच्या डोळ्यांसमोरच होता.

"दीदी," ती हळूच म्हणाली, "ये वाला तो आपने पूछा ही नहीं."

चेतनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने शून्य खोडलं आणि विचारलं, शब्द न गाळता. जानकीने सांगितलं. नवऱ्याला डबा द्यायला ती टॉवरवर चढते, काठाशी उभी राहते, आणि पाय मागे घ्यावासा वाटत नाही. सांगताना ती रडली नाही, याचीच चेतनाला जास्त भीती वाटली.

मग मात्र चेतना हलली. मॅडमना फोन केला, जानकीचा हात धरला तो सोडलाच नाही. सासूने आकांडतांडव केलं, पोरं काय आम्हाला झाली नाहीत का, वगैरे. चेतनाने ऐकून घेतलं आणि तिला नातवासकट रिक्षात बसवलं. त्याच दुपारी मोठ्या हॉस्पिटलात इलाज सुरू झाला. डबा आता सासू पोचवते, गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडत. महिन्याभराने जानकीने चेतनाच्या हिंदीची टिंगल केली, तेव्हा ही तिथेच ढसाढसा रडली.

पण त्याआधी, हॉस्पिटलातून आल्या दिवशीच, तिने मॅडमपुढे सगळं कबूल केलं होतं. न विचारता शून्य मांडलेल्या सतरा बायका. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता गठ्ठा परत दिला.

दुसऱ्या दिवशीपासून चेतना आंघोळीच्या वेळा धरून एकेक दार परत फिरली. चौथं दार सुशीलाचं. वस्तीतली सगळ्यात हसरी बाई, चहा पाजल्याशिवाय न सोडणारी. चेतनाने दहावा प्रश्न विचारला आणि थांबली.

सुशीला 'सब ठीक' म्हणाली नाही. उठली, दार लोटून घेतलं, आणि चेतनाजवळ येऊन बसली.