रिकामा रकाना

मंगळवारी दुपारी पास्कल दवाखान्यातून घरी गेला. बुधवारी सकाळी तो वारला. डॉक्टरांनी जी फ्लॉपी पाहून त्याला सोडलं, तिच्यात एक रकाना रिकामा होता. तो मी रिकामा ठेवला होता.

फ्लॉपी कार्डकाकांची. काकांना वास येत नसे. रंगांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं गेली, त्यांत नाकही गेलं. निवृत्तीनंतर ते गिरगावातून भाईंदर पूर्वेला राहायला आले. आमच्या कॉम्प्युटर क्लासचा जिना चढून आले की आधी विचारत, "आज खाली कसला वास येतोय गं?"

"ॲसिडचा."

"कुठल्या?"

मला सांगता येत नसे. "बघ, नाक असून उपयोग नाही," म्हणत ते खोकं उघडत.

बुटांच्या त्या खोक्यात कार्डं होती. स्टीलची भांडी बनवणाऱ्या गाळ्यांतल्या प्रत्येक रसायनाचं एक. अंगावर उडालं तर काय करायचं, श्वासात गेलं तर काय, त्रास किती तासांनी सुरू होतो. काका गाळ्यागाळ्यांत हिंडून विचारत आणि कार्डं लिहीत, मी ती टाइप करी, आणि फ्लॉपी आम्ही दवाखान्यांना आणि गाळ्यांना वाटत असू. नवं काही कळलं की सगळ्यांच्या फ्लॉपी बदलायच्या. काका म्हणत, "एका गाळ्यात भाजलं, ते दुसऱ्याला पुन्हा भाजून कशाला कळायला हवं?"

एका शेठने भांडी उजळायच्या मिश्रणात काय आहे ते सांगितलं नाही. "काका, घर का फॉर्म्युला है. नाम नहीं बताएगा."

"नका सांगू. मी 'माहीत नाही' असं लिहीन. पण लिहीन."

डॉक्टरांनाही त्यांनी बजावलं होतं, "जिथे 'माहीत नाही' दिसेल, तिथे माणूस रात्रभर ठेवून घ्या. काही वाफा उशिरा मारतात."

मी तेव्हा विशीत होते, पुस्तकं वाचणारी. स्वच्छ टाइप केलेल्या तक्त्यात ते 'माहीत नाही' मला अडाणीपणाचं वाटलं. पुढे कळेल तेव्हा भरू, म्हणून मी तो रकाना मोकळा सोडला.

पास्कल त्याच शेठच्या गाळ्यात कामाला होता. वाफ नाकात गेल्यावर तो स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आला. "जरा खोकतो हाय, बाकी काय न्हाय," असं म्हणून हसला आणि समुद्राकडच्या पाली गावाची बस धरून घरी गेला. डॉक्टर नंतर काकांना म्हणाले, "रकान्यात काही नव्हतं. मला वाटलं, काही होत नसेल."

मी काकांना सगळं सांगितलं. ते खोक्यातून त्या मिश्रणाचं कार्ड शोधू लागले. "टाइप झालेलं मी एकदाही वाचून पाहिलं नाही," एवढंच बोलले.

आम्ही पालीला गेलो. मी गल्लीतच थांबले, आत जायचा धीर झाला नाही. दारातून पास्कलच्या आईचा आवाज आला, "माज्या पोरानं काय हुंगलं, तेवढं तरी सांगा."

"माहीत नाही, बाई," काका म्हणाले.

त्यानंतर आठवडाभर ते धापा टाकत जिने चढले आणि एकूण एक फ्लॉपी बदलून आले. शेठकडे तर वारंवार गेले. त्याने नाव सांगितलं नाही. दोन वर्षांनी काका गेले. त्यांच्या पत्नीने खोकं मला आणून दिलं.

फ्लॉपी वाचणारं यंत्र आता माझ्याकडे नाही. कार्डं वाचता येतात. त्या मिश्रणाच्या कार्डावर अजून काकांच्या अक्षरात 'माहीत नाही' असंच आहे.