वहिनीला वाचून दाखवलेले हिवाळे

माझा दादा बोटीवर होता, इंजिनखोलीत. बोट कुठल्याही बंदराला लागली की पत्रात तो तिथल्या थंडीबद्दल लिहायचा. दुसरं काही नाही. कारण इकडे बंगलोरला, राजाजीनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत वहिनी लोकर घेऊन बसलेली असायची, आणि तिला एवढंच हवं असायचं, स्वेटर जाड विणू की पातळ?

वहिनीला वाचता येत नव्हतं, म्हणून पत्र मी वाचायचो. आता साधं वाचलं तर मी कसला? निपाणीच्या शाळेत असताना खिडकीबाहेर उभा राहून हेडमास्तरांच्या आवाजात मी अख्खा वर्ग घरी सोडला होता. तर दादाचं पत्र दादाच्याच आवाजात व्हायचं. तो बोलण्याआधी नाक ओढायचा, दर दोन वाक्यांनी "म्हणजे बघ" म्हणायचा. पत्रात नसलं तरी मी घालायचो. कानडी घरमालकीण अक्का दारात येऊन बसायची. तिला मराठी स्वल्पच कळायचं, पण मी नाक ओढलं की पोट धरून हसायची. वहिनी हसायची नाही. मान खाली घालून ऐकायची आणि तिचं सगळं पाठ व्हायचं.

दादाचं माप ठरलेलं होतं. बंगलोरची डिसेंबरातली सकाळ म्हणजे अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. त्यावरून बाकी दुनिया मोजायची. जिनोआला बर्फ नाही, पण डोंगरावरून वारा येतो, पूर्ण बाह्या आणि कानटोपी पाहिजे, दुपारी ऊन पडलं की सगळं काढून टाकायचं. सॅन फ्रान्सिस्कोला धुकं. थंडी आपल्याएवढीच, पण आपली नऊ वाजता उठून जाते, ती दिवसभर बसून राहते. मेलबर्नला एकाच दिवशी अर्ध्या बाह्या, पूर्ण बाह्या आणि छत्री. आणि वालपराइसो, पार खाली दक्षिण अमेरिकेत. "इथं सगळं उलटं. आषाढात थंडी, संक्रांतीला उकाडा. थंडी पण कशी, ओली, मऊ. पातळ लोकर पुरे."

वहिनीनं समुद्र पाहिला नव्हता. पण चिकपेटेतल्या दुकानात लोकर बोटांत चोळून ती म्हणायची, "भावजी, ही जिनोआला चालेल. ही नको, मेलबर्नला उकडेल त्यांना." दुकानदार आधी तिच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे. बाहेर आल्यावर मी त्याचं ते बघणं करून दाखवायचो.

मग एका जानेवारीत दादाचं पत्र पहिल्यांदाच मी कामाला होतो त्या कारखान्याच्या पत्त्यावर आलं, माझ्या नावानं. मी ते मशीनपाशी उभ्यानंच वाचलं. वालपराइसोला तो बोटीवरून उतरला होता, कायमचा. तिथं एका वर्कशॉपात लागला होता. एका बाईबरोबर घर केलं होतं, तिला मूल होणार होतं. शेवटी लिहिलं होतं, "तुझ्या वहिनीला तू सांग. तुला जमतं सांगायला."

मला राग आला नाही. काहीच आलं नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा खाल्ला. दोस्त म्हणाले, फोरमन करून दाखव. दाखवला. सगळे हसले.

घरी आलो तर परदेशी तिकिटाचं पाकीट माझ्या शर्टाच्या खिशातून डोकावत होतं. वहिनी म्हणाली, "आलं का?" मी हो म्हणेपर्यंत अक्का दारात येऊन बसलीसुद्धा.

मी कागद उघडला, नाक ओढलं आणि वाचायला लागलो. "म्हणजे बघ, वालपराइसोहून लिहितोय. बोट अजून काही महिने इकडेच आहे. थंडी..." आणि अडलो. खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या घरावर धुकं उतरत होतं, माझी बोटं गारठली होती. "थंडी बऱ्यापैकी आहे. संध्याकाळपासूनच धुकं. पूर्ण बाह्यांशिवाय भागत नाही." इतका चांगला दादा मी आयुष्यात केला नव्हता. अक्का डोळे पुसत भात टाकायला गेली.

वहिनी तशीच बसली होती.

"भावजी, पत्र कधीचं आहे?"

"आत्ताचंच. जानेवारीचं."

"संक्रांत आली की."

"हो."

"मग तिथं उकाडा असेल."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. मी नाक ओढलं. "म्हणजे बघ, यंदा जरा..."

"त्यांच्या आवाजात नको," ती म्हणाली. "तुमच्या आवाजात वाचा."

माझ्या आवाजात मी कधी काही वाचलंच नव्हतं. तो जरा किरटा आहे. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. "तुला जमतं सांगायला" हेसुद्धा. संपल्यावर तिनं एकच विचारलं.

"मूल कधी व्हायचंय?"

"लिहिलं नाही."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "कागद घ्या. उत्तर लिहा."

मी टाक दौतीत बुडवला. तिनं सांगितलं, मी लिहिलं. पत्र पोचलं. भावजींनी वाचून दाखवलं. मी गावी जाणार नाही, इथंच राहणार. अक्का म्हणतात, शाळेत मुलींना विणकाम शिकवायला बाई पाहिजे आहे. उद्या जाऊन विचारते. तुम्ही आता पत्र पाठवू नका.

"वहिनी, मधे दोन शिव्या घालू का? मला छान येतात."

"नको. तुम्ही घातल्यात हे त्यांना लगेच कळेल."

मी सगळं वाचून दाखवलं. ती अक्कासारखं कानडीत "सरी" म्हणाली, म्हणजे ठीक आहे. खाली तिचं नाव लिहायला गेलो, तर तिनं माझा हात धरला. दौतीत अंगठा बुडवला आणि स्वतःच उठवला. शाई जास्त झाली होती, थंडीत लवकर वाळेना. आम्ही दोघं ती वाळेपर्यंत बसून राहिलो.