रेडिओनं हिंगोलीचं नाव घेतलं तेव्हा

परवा सकाळी आमच्या ग्रुपवर बातमी आली... कुठलासा जुना उपग्रह कोसळणार, कुठे ते नक्की नाही. झालं, मंडळी सुटली. एकाने लिहिलं, साहेबाच्या गाडीवर पाड रे बाबा. दुसऱ्याने थेट सासुरवाडीचं लोकेशन टाकलं.

माझा अंगठा मात्र हसऱ्या तोंडाच्या चित्रापाशी जाऊन थांबला...

एकोणऐंशीचा पावसाळा. हिंगोलीत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. नांदेडला एका मिस्त्रीच्या हाताखाली राबून नुसत्या खरखरीवरून बिघाड ओळखायला शिकलो होतो. अमेरिकेची स्कायलॅब, ती आभाळात फिरणारी प्रयोगशाळा, पडणार म्हणून तेव्हा जो तो आभाळाकडे बघायचा, आणि संध्याकाळच्या बातम्यांना दुकानापुढे ही गर्दी.

एका संध्याकाळी ऐन बातमीत रेडिओ खरखरला. "स्कायलॅबचे तुकडे हिं..." एवढंच लोकांना कळलं. खरखरीतून पुढचा 'हिंदी महासागर' मला बराबर ऐकू आला होता, पण गर्दी बघून जीभ वळवळली. मी म्हणालो, "हिंगोली."

लोक हसले, मीही हसलो... आणि विसरून गेलो.

चार दिवसांनी दारात बैलगाडी उभी. डोंगरकडा गावाहून माझे सासरे, मामा, आले होते. शेळ्यामेंढ्यांमागे जन्म गेलेला, मोजकं बोलणारा माणूस. गाडीत कडबा, वर गोधडी. लेकीला न्यायला आले होते.

सुमनला, माझ्या बायकोला, नववा लागला होता. पहिलं लेकरू गावाकडे बाळंतपणातच गेलं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, या वेळी दवाखाना सोडून कुठे हलायचं नाही.

"जावईबापू, रेडिओनं हिंगोलीचं नाव घेतलंय. बाजारात समदे बोलून राहिले."

माझ्याच तोंडचा शब्द गावोगाव हिंडून, बैलगाडीत बसून माझ्याच दारात आला होता...

खरं सांगून टाकलं. मामा, ते मीच बोललो होतो, गंमत म्हणून. त्यांना ते खरंच वाटेना.

"पोरीला ठिवून घ्यायला खोटं काहून बोलता?"

रेडिओ लावून ऐकवतो म्हणालो, तर म्हणे त्यो तुमीच खोलता-जोडता, त्यो तुमच्याच बाजूनं बोलणार. आता काय करावं? नेतोच म्हणून हटून बसले असते तर बापापुढे माझं काय चाललं असतं...

तेवढ्यात सुमन दारात आली, बापाला म्हणाली, "दादा, मी न्हाई येत. एक लेकरू गेलं तेवढं बस झालं."

मामांनी बैल सोडले.

वाटलं, सकाळी परत जातील. पण ते राहिले. दिवसभर ओट्यावर बसून आभाळाकडे डोळे. मला आभाळाची भीती नव्हती... उद्या दवाखान्यात काही कमीजास्त झालं तर या माणसाला तोंड कसं दाखवू, एवढंच डोक्यात फिरायचं. हातात घेतलेला रेडिओ तसाच उघडा राहायचा.

कळा सुरू झाल्या आणि कळलं, लेकरू आडवं आहे. डॉक्टरीणबाई तासन् तास झगडत होत्या. मामा दवाखान्याच्या पायरीवर, मी भिंतीला टेकून. शेवटी आतून रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती, आणि सुमन धड होती.

पुढे दोनच दिवसांत बातमी आली, स्कायलॅब समुद्रात आणि तिकडे ऑस्ट्रेलियात पडली. मी पळत जाऊन मामांना सांगितलं. "बरं झालं," म्हणाले आणि गाडी जुंपायला लागले.

न राहवून विचारलं, इथंच पडणार वाटत होतं, तर थांबलात काहून?

"लेक हितंच व्हती नं."

मी तेव्हा खरं बोललो होतो, हे मामांना शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांच्या लेखी मरण हिंगोलीवरच यायचं होतं, आणि तरी ते आठ दिवस त्याच्या खाली बसून राहिले... मामा, त्या आठ दिवसांची माफी मागायची राहून गेली. आज मागतो.