रोखून धरलेली लघवी

“लघवीला जाऊन आलात ना?” सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं.

“आत्ताच आले,” मी म्हणाले.

त्यांनी पोटावर पुन्हा ते थंडगार जेल लावलं, यंत्र फिरवलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. पडद्यावर मोठा काळा गोळा दिसत होता. “हे तुमचं मूत्राशय, म्हणजे लघवीची पिशवी. रिकामी करून आलात म्हणता, पण ही अजून अर्ध्याहून जास्त भरलेली आहे. आणि दोन्ही मूत्रपिंडांना थोडी सूज दिसते.”

मी आलापल्लीच्या बाजूच्या एका बीटवर, म्हणजे गस्तीसाठी नेमून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यावर, वनरक्षक आहे. मातीतला पंजा पाहून वाघ की वाघीण ते सांगते. पण माझ्याच पोटात काय साठून राहिलंय, याचा मला पत्ता नव्हता. त्या टेबलावर पडल्या पडल्या मला आधी लाज वाटली आणि मग भीती.

या दुखण्याला युरिनरी रिटेन्शन म्हणतात. लघवी होते, पण पूर्ण होत नाही. बरीचशी आतच राहते. साचलेल्या पाण्यात जे होतं तेच तिथे होतं. जंतू वाढतात, जळजळ होते, ताप येतो.

दुखणं हत्तीच्या पायांनी येतं आणि मुंगीच्या पायांनी जातं म्हणतात. माझं मात्र आलंही मुंगीच्याच पायांनी. अधूनमधून जळजळ व्हायची, दुकानातून गोळ्या आणल्या की थांबायची. मग लघवीसाठी जोर करावा लागू लागला. ओटीपोट कायम जड. वय झालं असेल म्हणून मी कानाडोळा केला. वय किती, तर चाळिशीसुद्धा गाठली नव्हती!

रिपोर्ट घेऊन चंद्रपूरच्या युरॉलॉजिस्टकडे गेले, म्हणजे मूत्रमार्गाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “दिवसातून किती वेळा जाता?”

“सकाळी निघताना आणि घरी परत आल्यावर.”

“आणि मध्ये?”

“मध्ये गस्त असते, सर.”

मग मी सगळं सांगितलं. आमच्या जंगलात खाली बसणं धोक्याचं असतं. उभा माणूस वाघाला माणूस दिसतो, बसलेला किंवा वाकलेला सावज वाटतो. त्यामुळे बसायचं तर कोणीतरी जवळ उभं हवं. माझ्यासोबत असतात दादाजीभाऊ, आमचे वनमजूर, वडिलांच्या वयाचे. त्यांना सांगायचं कसं? त्यात युनिफॉर्मची पॅंट, पट्टा, बूट. साडीवाल्या बाया पटकन बसून पटकन उठतात, तसं आमचं नसतं. म्हणून मी सोपा उपाय काढला होता, पाणीच प्यायचं नाही. उन्हाळ्यात आम्ही जनावरांसाठी पाणवठ्यात टँकरनं पाणी सोडतो. हरणं पोटभर पाणी पितात की नाही हे मी झाडाआडून बघायची, आणि माझी बाटली तशीच भरलेली घरी यायची.

डॉक्टर मला रागावले नाहीत. त्यांनी हाताची मूठ करून समजावलं.

मूत्रपिंडं दिवसरात्र थेंब थेंब लघवी बनवतात. ती दोन नळ्यांमधून पिशवीत उतरते. पिशवीच्या भिंतीत एक स्नायू असतो, त्याला डिट्रूसर म्हणतात. पिशवी भरत असते तेव्हा हा स्नायू सैल राहतो आणि खालचं दार घट्ट मिटलेलं असतं. त्या दाराला स्फिंक्टर म्हणतात. पिशवी ताणली गेली की मेंदूला निरोप जातो. मेंदू म्हणतो, थांब, जागा बरोबर नाही. जागा मिळाली की तोच म्हणतो, आता चालेल. मग दार सैल होतं, स्नायू आवळतो आणि पिशवी रिकामी होते.

“तुमच्या मेंदूनं वर्षानुवर्षं थांबच म्हटलं,” ते म्हणाले. “पिशवी ताणून ताणून स्नायू थकला. आणि दाराला मिटायची इतकी सवय लागली की ते आता घरीसुद्धा नीट उघडत नाही.”

मग त्यांनी पुढचं सांगितलं. काही आठवडे कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालून पिशवीला विश्रांती द्यायची. नंतर नळी काढून बघायची. लघवी आपोआप झाली तर ठीक. नाही झाली तर स्वतःच्या हातानं दिवसातून चार-पाच वेळा नळी घालून पिशवी रिकामी करायला शिकायचं, कदाचित कायमचं. टाळाटाळ केली तर मूत्रपिंडं जातील.

“अशा बाया कामं करतात, संसार करतात,” ते म्हणाले. “पण स्वच्छ हात, स्वच्छ जागा लागते. जंगलातल्या ड्युटीचं मात्र अवघड होईल.”

मला मरणाची भीती वाटली नाही, बीट सुटण्याची वाटली. ऑफिसात पंख्याखाली बसून फायली लावण्यासाठी मी या नोकरीत आले नव्हते.

नवऱ्याची नोकरी सिरोंच्याला, म्हणून नळी काढायच्या वेळी दवाखान्यात माझ्यासोबत थोरल्या जाऊबाई राहिल्या. उन्हाळ्यात त्या विडीसाठी लागणारी तेंदूपानं तोडायला जातात, बाकी दिवस धानाची शेती. बोलायला लागल्या की थांबत नाहीत. मी एरवी त्यांच्यापासून थोडी लांबच राहायची.

नळी निघाली. सिस्टरनं पाणी प्यायला सांगितलं. पिशवी भरली, कळ आली, मी संडासात गेले. काहीच नाही. नळ सोडून बसले, तरी काही नाही. कडी ढिली होती, बाहेर कोणीतरी सारखं दार वाजवत होतं. जोर केला तर पोट फुटेल असं वाटलं. बाहेर आले, फिरले, पुन्हा गेले. सिस्टर म्हणाली, “थोडा वेळ बघू, नाहीतर पुन्हा नळी टाकू.” ते ऐकून मी संडासातच हमसून रडले.

“काऊन रडून राह्यली वं?” बाहेरून जाऊबाईंचा आवाज आला.

“होतच नाई ना, बाई.”

“कडी काढ. दार लोटून ठेव फकस्त.” मी कडी काढली. “आता आईक. आमी पानाले जातो ना, तवा एक जन बसली का बाकीच्या तिच्याकडं पाठ करून उभ्या राह्यतात. अन् जोरजोरानं बोलतात. जिले बसाचं तिनं बसाचं, वाघाकडं पाहाचं काम बाकीच्याईचं. मी उभी हावो इथी. तू बस.”

आणि त्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. दार वाजवणाऱ्या बाईला त्यांनी असं काही हाकललं की ती परत आली नाही. मग सुरू झाल्या. कोणाच्या बकरीनं कोणाची वांगी खाल्ली, नणंदेच्या लग्नात वरण कसं खारट झालं, व्याही कसा रुसला. मी पाय जमिनीवर टेकवले, कोपरं गुडघ्यांवर ठेवली, जोर करणं सोडून दिलं. व्याही अजून रुसलेलाच होता, तेव्हा सुरू झाली. आधी थेंब, मग धार. इतक्या साध्या गोष्टीसाठी माणूस आनंदानं रडतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पुन्हा सोनोग्राफी झाली. आत थोडीशीच उरली होती. मी डॉक्टरांना जाऊबाईंचं सांगितलं तर ते हसले, पण चेष्टेनं नाही. “ते दार जोर करून उघडत नाही,” ते म्हणाले. “माणूस निर्धास्त झाला की उघडतं. भीती असेल तर मेंदू परवानगी देत नाही.”

त्यानंतरही पथ्यं होतीच. कळ येवो न येवो, ठरल्या वेळी जायचं. झाल्यावर उठायचं, जरा थांबून पुन्हा बसायचं. उरलेली निघून जाते. याला डबल व्हॉइडिंग म्हणतात. पाणी नीट प्यायचं. फिजिओथेरपिस्टनं खालचे स्नायू सैल सोडायला शिकवलं. हळूहळू सूज उतरली, आणि मला बीटवर जायची परवानगी मिळाली.

एसटीत कंडक्टर असलेल्या, बंदोबस्तावर उभ्या राहणाऱ्या, संडास नसलेल्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्या बहिणींनो, तुम्हीही पाणी न पिण्याचा उपाय काढला असेल. आपण त्याला सोसणं म्हणतो. पिशवीला त्यातलं काही कळत नाही, ती फक्त ताणली जाते. वारंवार जळजळ होत असेल, जोर करावा लागत असेल, तर गोळ्यांवर भागवू नका. तपासून घ्या. आणि सोबतच्या माणसाला तोंड उघडून सांगा. हे मी सांगतेय खरी, पण मला ते जंगलात पहिल्याच दिवशी करायचं होतं, आणि ते मलाच जमत नव्हतं.

परत रुजू झाल्यावरची पहिली गस्त. सागाच्या जंगलातून दादाजीभाऊ आणि मी चाललो होतो. वेळ झाली होती. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. शेवटी एका दमात बोलून टाकलं, “भाऊ, थांबा जरा. मले लघवीले जायाचं हाय.”

दादाजीभाऊ थांबले. त्यांनी माझ्याकडे पाठ केली, काठी जमिनीवर आपटली आणि मोठ्या आवाजात गावातल्या पुढाऱ्याला शिव्या घालायला सुरुवात केली. मी बसले. पान सळसळलं तरी दचकले नाही.

पट्टा आवळत परत आले तर म्हातारा पायावरचा भार इकडून तिकडे करत उभा.

“बरं झालं म्याडम, तुमी बोलल्या,” ते म्हणाले. “तुमी कधी थांबतच नव्हत्या, म्हून मले बी इतके वर्स दाबूनच चालावं लागे.”

मी हसत सुटले. मग त्यांच्याकडे पाठ करून, जंगलाकडे तोंड करून उभी राहिले आणि जे सुचेल ते मोठमोठ्यानं बोलू लागले.