हिरवा दिवा

शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत घरात फायबरची लाइन लागली पाहिजे, नाहीतर सोमवारपासून चेन्नईच्या ऑफिसात हजर व्हा. कंपनीचा निरोप एवढाच होता. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत राहणाऱ्या सुप्रभाने तो आठवडाभरात दहादा तरी वाचला असेल.

अकरा वर्षं ती इस्पितळांचे रिपोर्ट टाइप करत होती. डॉक्टर बोलत, ती कानाला हेडफोन लावून लिहून काढी. नवरा गेल्यावर तिने हे काम घरी आणलं, कारण घरात आता ती आणि शहात्तर वर्षांच्या सासूबाई, वेंकूबाई, दोघीच. मोबाइलच्या इंटरनेटवर इतकी वर्षं भागलं. पण गेल्या महिन्यात एका पेशंटचा स्कॅन-रिपोर्ट अर्धाच पोचला आणि कंपनीचा संयम सुटला.

"तू जा खुशाल," वेंकूबाई रोज म्हणत. "मी काय लहान आहे?"

शनिवारी साडेअकराला लाइन जोडणारा साईराम आला. चाळिशीचा, खांद्यावर शिडी, पाठीवर बॅग. सुप्रभाशी तो तमिळमध्येच बोलला. खांबावरून वायर कुठून येणार, इंटरनेटची पेटी कुठे बसणार, सगळं आधी विचारून घेतलं. पेटी कपाटात कोंडू नका, म्हणाला. खोलीच्या मध्यावर, उंचावर हवी. मग खिडकीशेजारी ड्रिल लावलं.

वेंकूबाई मराठीत पुटपुटल्या, "सुप्रभा, हा वायर घालतोय का विहीर खणतोय?"

"विहीर नाही, आजी," ड्रिल थांबवून साईराम मराठीत म्हणाला. "पेन्सिलीएवढं भोक. बाहेरच्या बाजूला उतार ठेवलाय, पावसाचं पाणी आत यायचं नाही."

वेंकूबाईंनी पदर तोंडाला लावला. "अय्यो! आपल्यातला का तू?"

"इथल्याच मानंबुचावडीचा, मराठी घरातला. घरात आई बोलते, मी ऐकतो. आज बोलावं लागलं, नाहीतर अजून काय काय ऐकलं असतं!"

त्यानंतर कॉफी आली, चकलीसारखे मुरुक्कू आले. वायर आत ओढून साईरामने तिचं टोक सोललं. आत केसाहून बारीक काचेचा धागा होता. "यातून उजेड धावतो, अक्का. वाकवायचा नाही, मोडतो." त्याने त्याला हिरवं टोक जोडलं, उजेड मोजायचं मीटर लावून पाहिलं आणि खूश झाला. टोकावर छोटी टोपी घातली, पेटी फळीवर ठेवून वीज जोडली आणि खांबावरची वायर घट्ट बांधायला तो खाली उतरला. शिडी धरायला सुप्रभाही गेली.

वर येऊन त्याने टोपी काढली, टोक पेटीत बसवलं. हिरवा दिवा लागायला हवा होता. लाल लागला.

साईरामने टोक काढून पुन्हा लावलं. लालच. तो पुन्हा खांबावर चढला, तिथलं सगळं ठीक होतं. ऑफिसला फोन केला. तीन वाजले, साडेतीन झाले.

"अक्का, मेन लाइनमध्ये काही बिघाड असेल. तक्रार नोंदवतो. सोमवारी माणूस येईल."

"सोमवारी मी चेन्नईत असेन," सुप्रभा म्हणाली. तिचा आवाज इतका चिरका निघाला की तिलाच लाज वाटली. ती पेटीकडे नुसती बघत राहिली. आणि मग तिला पेटीच्या कडेला, दिव्यांच्या खाली, कुंकवाचा एक बारीक ठिपका दिसला.

नवी वस्तू घरात आली की वेंकूबाई तिला हळदकुंकू लावत. मिक्सरला, स्कूटीला, गॅसच्या नव्या शेगडीलाही लावलं होतं.

"अत्या," तिने सासूबाईंना सावकाश विचारलं, "पेटीला लावलंत. आणखी कुठे लावलंत?"

"त्या हिरव्या टोकाला. उजेड तिथूनच येतो म्हणाला ना हा?"

"त्याला टोपी होती, आजी!" साईराम ओरडलाच.

"होती की. टोपीला कोण कुंकू लावतं? काढली, अलगद बोट टेकवलं, परत घातली. मोडलं नाही काही!"

साईरामने टोक बाहेर काढून उजेडात धरलं. काचेवर हळदकुंकवाचा बारीक थर होता. तो कपाळावर हात मारून हसत सुटला. "माझ्या आईनं माझं मीटर असंच घालवलं होतं! मला आधीच कळायला हवं होतं." काचेवर धुळीचा कण बसला तरी उजेड अडतो, इथे तर अख्खी पूजा झाली होती. पुसून जोखीम नको म्हणून त्याने टोक कापूनच टाकलं, धागा नव्याने सोलला, दुसरं टोक बसवलं. पेटीची खाचही साफ केली. वेंकूबाई दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या होत्या.

लाल दिवा विझला. एक क्षण काहीच नाही. मग हिरवा लागला आणि लागलेलाच राहिला.

सुप्रभाने वेग तपासला, आकड्याचा फोटो कंपनीला पाठवला. पाचला दहा मिनिटं कमी असताना उत्तर आलं: लाइन मंजूर, सोमवारी घरूनच काम सुरू करा. तिने दोनदा वाचलं आणि खुर्चीत अंग टाकलं.

साईराम गेल्यावर वेंकूबाई तिच्याजवळ येऊन बसल्या.

"म्हणजे आता जायचं नाही?"

"नाही, अत्या."

 वेंकूबाई दाराकडे बघत म्हणाल्या, "बरं झालं. त्या वरच्या कडीला माझा हात पोचत नाही."